किल्ली फ्रिजमध्ये आहे

माझा उजवा दंड माझ्या नवऱ्याच्या मांडीएवढा आहे. फुशारकी नाही, टेप लावून मोजलंय, आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी वाद घालताना दोन पावलं लांब उभा राहतो. हा दंड कुस्तीतला नाही. एका लांब काठीच्या टोकाला माईक बांधून ती काठी मी जवळजवळ तीस वर्षं लोकांच्या डोक्यावर धरून उभी राहिले, त्याची ही कमाई.

काठीला आम्ही बूम म्हणतो. माहितीपट काढणाऱ्या पथकात एक जण चित्र घेतो, एक जण आवाज घेतो आणि एक जण दोघांवर ओरडतो, त्याला दिग्दर्शक म्हणतात. मी आवाजवाली. माईक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ हवा, पण चित्रात दिसता कामा नये, म्हणून ही काठी. माणूस शेतीवर बोलायला लागला की चाळीस मिनिटं थांबत नाही, आणि तोवर हात खाली घेता येत नाही. नाक खाजलं तरी नाही, डोक्यावर माकड बसलं तरी नाही. (बसलं होतं. वेरूळच्या रस्त्यावर. त्याचा वेगळा लेख होईल.)

वडलांचं संभाजीनगरला, औरंगपुऱ्यात, लाउडस्पीकरचं दुकान. लग्न, जयंती, उरूस, सगळीकडं आमचे भोंगे. मी रांगत होते तेव्हा माझ्या हातात खुळखुळ्याऐवजी वायरीची पिन असायची. पुढं एकदा मुंबईहून माहितीपटवाले आले. त्यांचा आवाजवाला पहिल्याच दिवशी आमच्याकडचा नान-खलिया चार प्लेट हाणून आडवा झाला. ते माणूस शोधत दुकानात आले, तर वडील म्हणाले, "माणूस नाही. मुलगी आहे. चालेल का?" चालली. तेव्हापासून मी चालतेच आहे.

विहीर खोदणाऱ्यांबरोबर सत्तर हात खाली उतरले. वटवाघळांच्या गुहेत बूम धरून उभी असताना एक वटवाघूळ येऊन काठीला लटकलं. टेक चालू होता, म्हणून मी हलले नाही. टेक संपला तेव्हा सात होती. आठव्यानं जागा नाही म्हणून माझी वेणी बघून ठेवली होती.

आता धंद्यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कॅमेऱ्याला नको ते दिसलं तर तो तोंड फिरवतो. कानाला तोंड फिरवता येत नाही. कुणाच्या घरात मुलाखत घ्यायची तर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे फ्रिज. तुम्हाला त्याची घुंघुं ऐकू येत नाही, सवय झालेली असते. माईकला येते. म्हणून घरात शिरलं की मी आधी फ्रिज बंद करते. एकदा औरंगपुऱ्यातल्याच एका काकूंचा फ्रिज बंद केला आणि काम संपल्यावर तशीच निघून आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता आणि आत पन्नास माणसांचं श्रीखंड होतं. साखरपुडा झाला, पण त्या गल्लीतून मी आजही तोंडाला ओढणी बांधून जाते.

त्यानंतर मी एक युक्ती काढली. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. निघताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो, आणि उघडला की चालू करायचं आठवतं. पुढं कळलं की जगभरचे आवाजवाले हेच करतात. माझीच चोरली असणार.

तर आता डोंगरावर चला.

सोयगावच्या पुढं, अजिंठ्याच्या रांगेत, ऐन कड्याच्या माथ्यावर एक वस्ती आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही सुट्टीत मोटारी घेऊन जाल. त्या कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पोळी लटकतात, एकेक बैलगाडीच्या चाकाएवढं. (मी बैलगाडीचं म्हटलं की तुम्ही सायकलचं धरा. पुढंही हाच हिशोब ठेवा.) रावजी आबा वरून दोर सोडून ह्या पोळ्यांचा मध काढायचे. साठी उलटलेली, अंग वाळल्या शेंगेसारखं. माहितीपट त्यांच्यावर होता आणि दिग्दर्शक होता नचिकेत, पुण्याचा. हुशार, पण प्रत्येक वाक्याआधी हातांनी हवेत चौकट करून बघणारा.

आबा हे काम अंधारात करत. कॅमेऱ्याला उजेड लागतो, म्हणून नचिकेतनं त्यांना तीन दिवस गळ घालून सकाळचं कबूल करून घेतलं. तिथंच आम्ही पहिली माती खाल्ली, आणि त्या वेळी मीही मान डोलवली होती.

ह्या कामाचे तिथले दोन रिवाज. पहिला, दोर मेव्हण्यानंच धरायचा. बायकोच्या भावानं. का, म्हणून नचिकेतनं विचारलं.

"भाऊ सोडंल," आबा म्हणाले. "पोरगं बी सोडंल येकादवेळी. मेव्हणा सोडत नसतो. ह्या टोकाला त्याच्या बहिणीचं कुंकू हाय."

मेव्हणा म्हणजे किसनमामा. अंगानं आडवे, बोलायला कंजूष. नचिकेत म्हणाला, "आणि मामा, तुमचं दोघांचं भांडण झालं असेल तर?"

"भांडण तर हायेच," मामा म्हणाले. "माझ्या लग्नातल्या वरणाला नावं ठेवली व्हती ह्यांनी. तीस वर्सं झाली."

"पाणचट व्हतं ते," आबा म्हणाले.

"बघा. पण ते दोर गुंडाळल्यावर. दोर सुटेस्तोवर भांडण नाय."

दुसरा रिवाज बायकोचा. नवरा दोरावर असेपर्यंत तिनं कड्याकडं पाठ करून चुलीपुढं बसायचं, चूल विझू द्यायची नाही आणि एक शब्द बोलायचा नाही. आबांच्या बायकोचं नाव गजराबाई. ती एरवी बोलायला लागली की माझ्या रेकॉर्डरचा काटा लाल व्हायचा.

"वर्सातनं येक दिस हिची बोलती बंद असती," आबा म्हणाले. "त्याच्यासाठीच उतरतो मी. मधाचं निमित्त हाय."

"वर या मग बोलते," गजराबाई म्हणाली.

आदल्या दिवशी आबांनी आम्हाला समोर बसवून नियम सांगितले. अत्तर नको, वासाचं तेल नको, आणि काळं काही नको. "माशीचा जुना दावा हाय अस्वलाशी. काळं न केसाळ दिसलं की ती इचारत नाय, कोण, कुठलं."

ही जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली. सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून तपासलं. कॅमेरामनचा काळा शर्ट उतरवून त्याला आबांची बंडी घातली. नचिकेतची काळी टोपी जप्त केली. आमचे ड्रायव्हर सलीमभाई, आमच्याच शहरातल्या छावणी भागातले, त्यांना हौदावर नेऊन तीनदा मान धुवायला लावली.

"आपा, ये अत्तर शादी के दिन का है," ते म्हणाले. "बीस साल में नहीं गया, आज क्या जाएगा?"

"घासो," मी म्हटलं.

मग आबांच्या घरात पहिला शॉट. आबा दोराची पूजा करतात, गजराबाई कुंकू लावते. कोपऱ्यात फ्रिज, वाळूजला कंपनीत असलेल्या मुलानं घेऊन दिलेला, ट्रॅक्टरसारखा गुरगुरणारा. मी तो बंद केला आणि सलीमभाईंच्या हातातून जीपची किल्ली घेऊन दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली.

सलीमभाई म्हणाले, "मेरी जिंदगी की पहली चाबी है, जिसको सर्दी होती."

घरापुढं जीप. जीपपासून शंभर पावलांवर कडा. तिथं एक जुनं मोहाचं झाड, त्याला दोराचे दोन वेढे आणि पुढचा दोर किसनमामांच्या कमरेभोवती. मामा मांडी न घालता बसले, टाचा एका दगडाला रोवून. आबांच्या दोन पुतण्यांची जागा खाली दरीत: मधाची टोपली उतरवून घ्यायची, वळसा घालून वर यायचं आणि मग तिघांनी आबांना ओढून घ्यायचं. म्हणजे तोवर वर दोराला माणूस एकच.

आबांच्या छातीला मी बारीक बिनवायरचा माईक लावला होता. ते कड्याखाली दिसेनासे झाले तरी त्यांचा श्वास माझ्या कानात होता. पण मला माश्यांचा आवाज हवा होता. म्हणून मी बूम घेतली आणि कड्याच्या बाहेर, पोळ्याच्या दिशेनं लांबवली.

आता त्या बूमच्या टोकाला काय होतं ते सांगते. उघड्यावर वारा असतो आणि वारा थेट माईकवर आदळला तर कानात नुसता घोंघाट येतो. म्हणून माईकला एक केसाळ अंगरखा घालतात. माझा राखाडी अंगरखा जुना होऊन त्याचे केस गळायला लागले होते. तेव्हा मी औरंगपुऱ्यात खेळण्यांतल्या प्राण्यांसाठी कापड मिळतं त्या दुकानात गेले, सगळ्यात लांब केसांचं कापड निवडलं आणि घरी बसून हातानं शिवलं. इतका सुबक झाला होता की शेजारणीनं मला एक पर्स शिवून मागितली.

रंग काळाभोर.

मी सगळ्या पथकाचे कपडे तपासले होते. माईकचे तपासले नाहीत. तीस वर्षांत तो माझ्या हाताचाच भाग झाला होता. आपल्या हाताला कुणी विचारतं का, तू काय घालून आलास?

कानात आधी सर्र झालं. सुपात तांदूळ पाखडावेत तसं. पोळ्यावरच्या माश्या एकदम पंख हलवून एक लाट सोडतात, तो आवाज. इतका देखणा आवाज मी जन्मात घेतला नव्हता. मी बूम अजून हातभर पुढं केली. पुन्हा सर्र. तिसऱ्या वेळी लाट थांबली आणि त्या जागी एक सूर लागला, बारीक, चढत जाणारा.

आबांचा आवाज आला, शांत. "किसन, वर काय काळं दिसतंया?"

मामांनी मान वळवली, बूमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बाईच्या काठीला अस्वलाचं डोस्कं हाय," ते म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे आता. कुणी हलू नका."

कुणी हलू नका, हे त्या डोंगरावर दोघांनी ऐकलं. एक दोराच्या खालच्या टोकाला होता, एक वरच्या. बाकी आम्ही सगळे पळालो. कॅमेरामन कॅमेरा टाकून, नचिकेत हातांची चौकट डोक्यावर धरून, आणि मी बूम, रेकॉर्डर, हेडफोन जिथल्या तिथं फेकून. शंभर पावलं मी अकरा ढांगांत ओलांडली. मागून आकाश येत होतं आणि त्या आकाशाला डंख होते.

जीपमध्ये घुसलो, काचा वर केल्या. सलीमभाई स्टिअरिंगवर झेपावले, हात खाली गेला, आणि तिथंच थांबला. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"आपा," सलीमभाई म्हणाले, "चाबी फ्रिज में है."

युक्ती कशी चोख चालते बघा. निघताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो.

मी उतरले की मला उतरवलं, ह्याबद्दल पथकात आजही दोन मतं आहेत. घर वीस पावलांवर. मी दार ढकलून आत शिरले आणि मागं लावून घेतलं. गजराबाई चुलीपुढं, कड्याकडं पाठ करून बसली होती. मी फ्रिज उघडला, किल्ली उचलली. वळले तर ती उभी.

बोलायची नाही ती. रिवाज. तिनं माझ्या केसांत वळवळणाऱ्या माश्या बघितल्या. माझ्या हातातली किल्ली बघितली. मग नुसती माझ्याकडं बघत राहिली.

जागोजागची शांतता मी टिपली आहे, ते आमचं कामच असतं. पण एवढ्या मोठ्यानं ओरडणारी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मीच बोलले. "मामांनी दोर धरलाय," मी म्हटलं. आणि तेवढं म्हटल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आपण काय सोडून आलोय. एक म्हातारा हवेत लटकतोय, एक माणूस त्याला धरून बसलाय, आणि त्या दोघांवर मी अस्वल सोडलंय.

तिनं तळहात पुढं केला. मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिनं ती कमरेला खोचली.

मग तिनं रांजणातलं पाणी गोधडीवर ओतून ती माझ्या डोक्यावरून टाकली. घमेल्यात चुलीतल्या धुमसत्या गोवऱ्या ओढल्या, वर कडुनिंबाचा ओला पाला दाबला, घमेलं माझ्या हातात दिलं. माझे दोन्ही खांदे धरून मला दाराकडं वळवलं, जशी आई शाळेत जायला रडणाऱ्या पोराला वळवते. आणि परत जाऊन चुलीपुढं बसली, कड्याकडं पाठ करून.

जीपवरून जाताना काचेला चिकटलेले तीन चेहरे दिसले. मी किल्ली घेऊन येतेय म्हणून आधी हसले, मग मी पुढं गेले तेव्हा तोंडं उघडी राहिली. सलीमभाईंनी दुवा मागायला हात वर केले. आतल्या आत ते नचिकेतच्या नाकावर बसले.

किसनमामा होते तसेच बसले होते. टाचा दगडाला, हनुवटी छातीत. पाठीवर माश्यांची जिवंत घोंगडी. दोर तसूभर सैल नव्हता. मी घमेलं त्यांच्या अंगाशी ठेवलं, गोधडीचा अर्धा भाग त्यांच्यावर टाकला. धुरानं माश्या उठायला लागल्या. मामांनी एक डोळा उघडला. दुसरा उघडण्यासारखा राहिला नव्हता.

"वढाया येतं का?" ते म्हणाले.

बाई, माझा दंड तुला ठाऊक नाही, असं मी मनात म्हटलं, मामांना बाई म्हटलं हे नंतर लक्षात आलं. दोर धरला. तीस वर्षांचे सगळे चाळीस-चाळीस मिनिटांचे शेतकरी, सरपंच, प्राध्यापक त्या दिवशी माझ्या खांद्यात उभे राहिले. मामा म्हणायचे "हं", मी ओढायची, ते वेढा आवळायचे. आबा वर आले तेव्हा त्यांच्या अंगावर मोजून तीन डंख. मेल्यासारखे लटकून राहिले होते, म्हणून.

त्यांनी मला गोधडीखाली ओळखलं नाही. "हे दुसरं कोण हाय?"

"बाई हाय," मामा म्हणाले.

"पळाली न्हाई व्हय ती?"

मामांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "आत्ताच आली," म्हणाले.

गजराबाईनं किल्ली सलीमभाईंच्या हातात दिली आणि मग ती बोलायला लागली. सोयगावच्या दवाखान्यापर्यंत एक वाक्य पूर्णविरामानं संपलं नाही. डोंगर, नवरा, भाऊ, पुणे, सरकार, कुणीच सुटलं नाही. किल्लीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

माझ्या अंगातून एकशे सात काटे निघाले. डॉक्टर सत्तावीस म्हणतात, पण ते थकले होते. मामांचे कुणी मोजलेच नाहीत. त्यांचं डोकं भोपळ्याएवढं झालं होतं आणि हा हिशोब लावून कमी करायचा भोपळा नव्हे. दोन दिवस ते खाटेवर होते. नियम ठाऊक असून चूक केली, ती मी. उजेड हवा म्हणून अंधारातलं काम दिवसा ओढलं, ते आम्ही. आणि सुजला तो माणूस, ज्यानं कॅमेऱ्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्यांनी सुजल्या हातानं मला बाजूला सारलं, कारण मागं आबा उभे होते.

"दोर गुंडाळला का?" मामांनी विचारलं.

"गुंडाळला."

"मग आता वरणाचं बोलू."

आबा खाटेच्या कडेला टेकले. "वरण चांगलं व्हतं, किसन," ते म्हणाले.

कड्यावर फेकलेला माझा रेकॉर्डर चालूच राहिला होता. संपादनाच्या खोलीत नचिकेतनं आणि मी ते ऐकलं. आधी माझी पावलं, लांब जाणारी. मग नुसत्या माश्या. आणि मधूनमधून छातीवरच्या माईकमधून आबा: "किसन?" लांबून मामा: "व्हय." थोड्या वेळानं पुन्हा. "किसन?" "व्हय." अकरा वेळा. अकराव्या "व्हय"नंतर पावलं, जवळ येणारी. नचिकेतच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "ताई, तुम्ही परत आलात."

मी रेकॉर्डर बंद केला. संभाजीनगरला माहितीपट दाखवला तेव्हा त्यानं मला उभं करून हीच गोष्ट सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. पुढं दहा ठिकाणी मीच ती सांगितली. कडा खोल होत गेला, माश्या वाढत गेल्या. जीपमधल्यांना विचारलं तर ते म्हणतात, हो, किल्ली आणायला गेली होती, पण दाराशी मन पालटलं. त्या दारामागं कुणाचं मन होतं, ते दोघींनाच ठाऊक.

आता माझ्या डाव्या कानात सतत एक बारीक गुणगुण असते. डॉक्टर म्हणतात वय. मी म्हणते, एक राहिली असेल आत. बूम धरणं सोडलंय. आबाही आता उतरत नाहीत. पुतण्या उतरतो, अंधारात, आणि दोर त्याचा मेव्हणा धरतो.

दर वर्षी सोयगावहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरबरोबर गजराबाई एक बाटली पाठवते. बरोबर निरोप, दर वर्षी तोच: "बाईला म्हणावं, मध फ्रिजमधी ठेवू नको."

कंडक्टर बिचारा डोकं खाजवतो. "ताई, मध फ्रिजमध्ये कोण ठेवतं? म्हातारी दर वर्षी हेच का सांगते?"

"वय झालं तिचं," मी म्हणत आले.

यंदा बाटली आली की त्याच्या हातात मी हा अंक देणार आहे. म्हणणार आहे, एवढी पानं तिला वाचून दाखव, आणि सांग, दोर कधीच गुंडाळून झाला, गजराबाई. आता बोल.